अभिजातता : शिक्का आणि कसोटी

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि एका दीर्घ पाठपुराव्याची सांगता झाली. राज्य शासनाने २०१२ मध्ये प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०१३ मध्ये प्रस्ताव केंद्राकडे गेला आणि पुढची अकरा वर्षे तो तिथेच राहिला. साहजिकच निर्णयाचा आनंद मोठा झाला. अभिनंदनाचे फलक लागले, सत्कार झाले, भाषणांतून ज्ञानदेवांची ती एकच ओवी पुन्हापुन्हा ऐकू आली. हा उत्साह ओसरल्यानंतर मात्र एक साधा प्रश्न उरतो आणि त्याला आपण अजून नीट हात घातलेला नाही. भाषा अभिजात ठरली, म्हणजे नेमके काय ठरले? आणि ‘अभिजात साहित्य’, ‘अभिजात संगीत’, ‘अभिजात कला’ असे आपण म्हणतो, तेव्हा याच अर्थाने म्हणतो का?

शासनाच्या लेखी या शब्दाचा अर्थ बराच नेमका आहे. अभिजात भाषांचा वर्ग केंद्राने २००४ मध्ये निर्माण केला आणि त्यात पहिला मान तमिळला मिळाला. त्यावेळी हजार वर्षांहून अधिक प्राचीनता पुरेशी मानली गेली होती. २००५ मध्ये ती मर्यादा दीड ते दोन हजार वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या वारसा म्हणून मानले गेलेले प्राचीन साहित्य असावे आणि वाङ्मयीन परंपरा स्वतःची, दुसऱ्या भाषासमूहाकडून उसनी न घेतलेली असावी, अशाही अटी होत्या. संस्कृत, कन्नड, तेलुगू, मलयाळम आणि ओडिया या भाषा २०१४ पर्यंत या यादीत आल्या. २०२४ मध्ये तज्ज्ञ समितीने निकषांचा फेरविचार केला आणि त्यातली ‘उसनी न घेतलेली परंपरा’ ही अट वगळली. तिच्या जागी ज्ञानविषयक ग्रंथ, पद्याबरोबरच गद्य आणि शिलालेखांचा पुरावा यांना स्थान मिळाले. त्यानंतर मराठीसह पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांना दर्जा मिळून यादी अकरा भाषांची झाली.

वगळलेल्या त्या एका अटीकडे वृत्तपत्रीय चर्चेत फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक, या सगळ्या प्रकरणातला सर्वांत विचारप्रवर्तक भाग तोच आहे. जगातले कोणतेही मोठे साहित्य पूर्णपणे स्वयंभू नसते. रोमने ग्रीसकडून घेतले, ज्ञानदेवांनी व्यासांकडून घेतले, संस्कृत नाटकाने आपल्या पात्रांच्या तोंडी प्राकृत भाषा घातल्या. कोणतेही साहित्य उसने घेतल्यामुळे उणे ठरत नाही. घेतलेल्याचे त्याने काय केले, हे पाहावे लागते. दुसरी गंमत अशी की मराठी आणि प्राकृत यांना एकाच दिवशी, पण स्वतंत्रपणे मान्यता मिळाली. मराठीच्या प्राचीनतेचा मुख्य साक्षीदार म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो, ती ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली आहे. म्हणजे एकाच ग्रंथावर दोन वारसदारांची नावे लागली. कायद्याच्या दृष्टीने ही अडचण असेल, पण साहित्याच्या दृष्टीने हीच खरी स्थिती आहे. वारसा हा सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखा नसतो. जो कसतो, त्याचा तो होतो.

शासकीय निकष प्राचीनता मोजतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही, कारण शासनाला मोजता येईल असेच काही हवे असते. चूक होते ती आपली. प्राचीनतेचे प्रमाणपत्र हे श्रेष्ठतेचे प्रमाणपत्र आहे, अशी आपण समजूत करून घेतो आणि मग ‘आपण आधीपासूनच थोर आहोत’ एवढ्या निष्कर्षावर समाधान मानतो. कलेच्या आणि साहित्याच्या इतिहासात अभिजाततेची कल्पना कशी घडली, कोणी घडवली आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली, हे पाहिले तर ही समजूत टिकत नाही.

शब्दाचे कूळ

‘क्लासिक’ हा शब्द मुळात साहित्याचा नाहीच. तो प्राचीन रोमच्या करवसुलीच्या वहीतला आहे. मालमत्तेनुसार रोमन नागरिकांचे वर्ग पाडलेले असत आणि सर्वांत वरच्या वर्गातल्या नागरिकाला ‘क्लासिकस’ म्हणत. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या लेखकाने हा शब्द प्रथम ग्रंथकारांना लावला. ज्याच्या भाषेवर भरवसा ठेवावा असा लेखक ‘क्लासिकस’, आणि त्याच्या विरुद्ध टोकाचा ‘प्रोलेटेरियस’, म्हणजे ज्याच्याकडे कर भरण्याइतकीही मालमत्ता नाही असा. आपला ‘अभिजात’ हा शब्दही याहून फार वेगळा नाही. चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन, हा त्याचा मूळ अर्थ. सुसंस्कृत, सुंदर हे अर्थ त्याला मागाहून चिकटले. दोन वेगळ्या संस्कृतींनी श्रेष्ठ साहित्यासाठी शब्द निवडताना एकीने संपत्तीकडे पाहिले आणि दुसरीने जन्माकडे, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही. अभिजाततेच्या कल्पनेत दर्जाबरोबर दरारा पहिल्यापासूनच शिरलेला आहे.

पुढे हा दरारा राज्यसत्तेच्या हाती गेला. फ्रान्समध्ये कार्डिनल रिशेल्यू याच्या पुढाकाराने १६३५ मध्ये फ्रेंच अकादमी स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिच्यापुढे एक खटला आला. कॉर्नेय या नाटककाराचे ‘ल सीद’ हे नाटक पॅरिसमध्ये तुफान चालले होते. पण स्थल, काल आणि कृती यांच्या एकात्मतेचे नियम त्याने पुरते पाळलेले नाहीत, त्यातील वर्तन औचित्याला सोडून आहे, अशी विद्वानांची तक्रार होती. अकादमीने नाटकाला दोष दिला. नियम, संयम, प्रमाणबद्धता आणि औचित्य यांवर उभ्या असलेल्या ज्या वाङ्मयीन भूमिकेला आपण अभिजातवाद म्हणतो, तिचा हा भर मध्यान्ह होता. त्या भूमिकेने रासीनसारखा नाटककार दिला, हे तिचे यश. पण आज अकादमीचा तो निर्णय केवळ अभ्यासकांना ठाऊक आहे आणि ‘ल सीद’ मात्र फ्रेंच रंगभूमीचे अभिजात नाटक म्हणून खेळले जाते. न्यायालय विस्मृतीत गेले आणि आरोपी अमर झाला.

पांढऱ्या संगमरवराचा भ्रम

शिल्पकलेत तर याहून बोलका प्रकार घडला. अठराव्या शतकात योहान विंकेलमान या जर्मन विद्वानाने ग्रीक शिल्पांत उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता पाहिली आणि साऱ्या युरोपला तशी दृष्टी दिली. १७५५ मधील त्याच्या निबंधापासून कलेतील नव-अभिजातवादाला जोर चढला. शुभ्र, थंड, निर्विकार संगमरवर ही अभिजाततेची प्रतिमा त्या काळातच पक्की झाली. वस्तुस्थिती अशी होती की ग्रीकांनी आपली शिल्पे रंगवलेली होती. केस, डोळे, ओठ, वस्त्रे यांवर भडक म्हणावेत असे रंग होते. शतकांच्या ऊनपावसाने ते उडाले आणि जे उरले, त्या उणिवेलाच युरोपने आदर्श मानले. हा भ्रम इतका रुजला की ब्रिटिश म्युझियममधील पार्थेनॉनची शिल्पे १९३७-३८ मध्ये नव्या दालनासाठी ‘स्वच्छ’ करताना तांब्याच्या हत्यारांनी घासण्यात आली. ती अधिक पांढरी दिसावीत, अशी दालनाचा खर्च उचलणाऱ्या देणगीदाराची इच्छा होती. मूळ पृष्ठभागाचे त्यात झालेले नुकसान भरून येण्यासारखे नाही. अभिजाततेच्या भक्तीपोटी अभिजात वस्तूच खरवडली गेली.

या युरोपीय कल्पनेची एक शाखा मुंबईतही आली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हात बसवत. त्याच संस्थेतले विद्यार्थी १८७२ पासून पुढची काही वर्षे जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत अजिंठ्याला जाऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. एकाच शाळेत एकीकडे रंग उडालेले, साच्यातून काढलेले ग्रीस आणि दुसरीकडे भिंतीवर अजून रंग धरून असलेला अजिंठा! विसाव्या शतकात ‘आपली अभिजात कला कोणती’ हा वाद भारतीय चित्रकारांत पेटला, त्याची ठिणगी या विसंगतीतही होती. अभिजात आदर्श आपोआप समोर येत नाही, तो निवडावा लागतो. आणि निवड करणारा आपल्या काळाचे चष्मे लावूनच ती करतो, हे या उदाहरणावरून कळते.

‘शास्त्रीय’ कधी झाले?

संगीत आणि नृत्य यांच्याबाबत आपला समज असा असतो की ती भरतमुनींच्या काळापासून तशीच्या तशी वाहत आली आहेत. आज आपण ज्याला शास्त्रीय संगीत म्हणतो, त्याचे शास्त्र मात्र बऱ्याच अंशी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधले गेले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर फिरून घराण्यांच्या उस्तादांकडून आणि गवयांकडून बंदिशी मिळवल्या, त्यांचे स्वरलेखन केले आणि राग दहा थाटांत बसवले. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही त्यांच्याच प्रयत्नांतून. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत मध्यमवर्गीय घरांत पोचवले. या दोन महाराष्ट्रीय पुरुषांचे ऋण अफाट आहे. मात्र या व्यवस्थेत जे बसले नाही, ते ‘उपशास्त्रीय’ किंवा ‘सुगम’ ठरले. आणि ज्या गायिकांनी ठुमरी-दादऱ्यासारखे प्रकार जपले, त्यांना प्रतिष्ठेच्या बैठकीत जागा मिळायला वेळ लागला.

नृत्यात ही किंमत अधिक उघड दिसते. तमिळ प्रदेशातील देवदासींच्या ‘सदिर’ नृत्याला १९३० च्या दशकात ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झाले आणि मद्रासच्या म्युझिक अकादमीचे व्यासपीठ मिळाले. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापून त्याला देखणे, शिस्तबद्ध रूप दिले. १९४७ च्या मद्रास कायद्याने मंदिरांत देवदासी वाहण्याची प्रथा बंद केली. एका अन्याय्य प्रथेचा अंत आवश्यकच होता. पण नृत्य प्रतिष्ठित झाले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या बहुतेक घराण्यांच्या हातून निसटले. त्याच परंपरेतल्या बालासरस्वती यांनी या नृत्यातला शृंगार गाळून त्याला ‘शुद्ध’ करण्यास विरोध केला होता. ‘शुद्धीकरण’ झाल्याशिवाय अभिजातता नाही, हा आग्रह आणि संगमरवर घासणारी ती हत्यारे यांच्यात नाते आहे.

आपल्याकडची लावणी या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. संगीत नाटक अकादमी आज आठ नृत्यप्रकारांना शास्त्रीय मानते; २००० मध्ये आसामचे सत्रिय नृत्य त्यात आले. महाराष्ट्रातला एकही प्रकार त्या यादीत नाही. तो असावा की नसावा, हा वाद बाजूला ठेवू. लावणीच्या शब्दरचनेतली बांधणी, तिची लय, बैठकीच्या लावणीतला अभिनय यांकडे कला म्हणून पाहणारे समीक्षक फार थोडे झाले, ही उणीव अधिक बोचणारी आहे. म. वा. धोंड यांनी ‘मऱ्हाटी लावणी’ लिहिले, म्हणून निदान रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्याकडे विद्यापीठाने मान वळवली. समीक्षेचे हे सामर्थ्य आहे.

टिकणे म्हणजे काय?

मग अभिजात कशाला म्हणायचे? युरोपात हा प्रश्न विचारणाऱ्यांची परंपराच आहे. फ्रेंच समीक्षक सेंत बव्ह याने १८५० मध्ये, टी. एस. एलियट याने १९४४ मध्ये आणि जे. एम. कोएत्झी याने १९९१ मध्ये, प्रत्येकाने आपापल्या काळाच्या गरजेतून त्याचे उत्तर शोधले. एलियटच्या मते परिपक्वता ही अभिजाततेची खूण. मन, आचार आणि भाषा तिन्ही परिपक्व झालेल्या समाजातच अभिजात कृती जन्मते. व्हर्जिल त्याच्या कसोटीला पूर्ण उतरला, पण इंग्रजीत असा एकही कवी नाही, असे त्याने इंग्लंडमध्येच, महायुद्ध चालू असताना सांगितले. स्वभाषेच्या अभिमानाला मुरड घालण्याचे हे धैर्य आज आपल्याकडच्या व्यासपीठावर कल्पनेतही येत नाही.

कोएत्झीचे उत्तर मला अधिक जवळचे वाटते. बाखच्या संगीताचे उदाहरण घेऊन तो विचारतो की लोकांच्या विस्मृतीत गेलेला हा संगीतकार पुन्हा आला कसा? १८२९ मध्ये मेंडेल्सोनने त्याची मोठी रचना जाहीरपणे सादर केली, ही प्रसिद्ध घटना. पण त्याआधीच्या काळातही जाणत्या वादकांच्या आणि शिष्यांच्या हातांत बाख रोज वाजत होता, रोज तपासला जात होता. म्हणून कोएत्झीच्या मते टीका ही अभिजात कृतीची वैरीण ठरत नाही. उलट प्रत्येक पिढीने शंका घ्यावी, झटापट करावी आणि तरीही जी कृती सोडवत नाही, ती अभिजात. संरक्षण द्यावे लागते, तिच्याविषयी शंका घ्यायलाच हवी.

ही कसोटी मराठीला लावून पाहिली तर अभिमानाच्या जागा बदलतात. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सांगितली गेली, ही तारीख आपण पाठ केलेली असते. माझ्या मते तिच्या अभिजाततेची खरी तारीख १५८४ ही आहे. त्या वर्षी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या पोथ्या जमवून, त्यांत शिरलेले अपपाठ दूर करून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. तीनशे वर्षांनंतरच्या एका थोर कवीने स्वतःचे काव्य बाजूला ठेवून दुसऱ्याच्या ग्रंथाचे संपादन करावे, हे अभिजाततेचे आचरण होय. ज्ञानदेवांनी संस्कृतातली गीता लोकांच्या बोलीत आणली. म्हणजे ज्या ग्रंथाला आज आपण अभिजात म्हणतो, तो त्या काळच्या प्रस्थापित अभिजाततेची मक्तेदारी मोडूनच जन्मला होता.

तुकोबांची कथाही अशीच. वारकऱ्यांच्या कंठात गाथा जिवंत होतीच. विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी अनेक पोथ्या ताडून पाहून तिची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली आणि ती १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली. कंठातली परंपरा आणि कागदावरची चिकित्सा यांची गाठ पडली, म्हणून पुढे प्रार्थना समाजापासून दिलीप चित्र्यांच्या इंग्रजी अनुवादापर्यंत तुकारामाची नवनवी वाचने होत राहिली.

याच्या उलट उदाहरण महानुभावांचे. म्हाइंभटाचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातले, मराठी गद्याचा आरंभीचा आणि आजही ताजा वाटणारा ग्रंथ. पण पंथाने आपले वाङ्मय सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत उरलेल्या महाराष्ट्राला त्याचा पत्ताच नव्हता. म्हाइंभटाचे ते निर्मळ, छोट्या वाक्यांचे गद्य मधल्या सहाशे वर्षांत पंथाबाहेरच्या मराठी लेखकांच्या कानांवर पडते, तर आपले गद्य कसे घडले असते, याची केवळ कल्पना करायची. ग्रंथ जुना होता, थोरही होता. वाचकांशी त्याचे नाते मात्र तुटलेले होते.

आणि ती गाथासप्तशती? सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या या संग्रहात राजदरबार जवळजवळ नाही. शेत राखणाऱ्या मुली, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका, गोदेचा काठ, विंध्याची राने, गावातल्या कुजबुजी यांनी ती भरली आहे. आपल्या ‘कुलीन’ वारशाचा सर्वांत जुना पुरावा असा ग्रामीण, शृंगारिक आणि बऱ्याचदा बायकांच्या तोंडचा आहे. तिची आधुनिक पद्धतीची चिकित्सा प्रथम आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात केली, स. आ. जोगळेकरांची सविस्तर मराठी आवृत्ती १९५६ मध्ये आली. दर्जाच्या मागणीसाठी या ग्रंथाचे नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यातल्या दहा गाथा वाचल्या असतील?

बंडखोरीचा वारसा

अभिजातता आणि नवता या परस्परविरोधी आहेत, हा आणखी एक गैरसमज. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ मध्ये आला आणि त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९५२ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. आज ते विद्यापीठीय अभ्यासक्रमाचे अविभाज्य अंग आहेत. यंत्रयुगातल्या मुंबईची किळस आणि करुणा मांडताना मर्ढेकरांनी ओवी आणि अभंग हे संतांचे छंद वापरले. परंपरा त्यांच्या हातात शोभेची वस्तू राहिली नाही. ती कामाला लागली. विंदा करंदीकरांनी ‘अमृतानुभव’ आजच्या मराठीत आणला, अरुण कोलटकरांनी तुकोबा-जनाबाईंना इंग्रजीत नेले. कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग उभे केले, तेव्हा परंपरा मोडल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. आज ते परंपरेचेच एक शिखर मानले जातात. नव्या प्रतिभेला जुने उपयोगी पडते, तेव्हाच जुने अभिजात ठरते.

तमिळचे उदाहरण आपण दर्जाच्या मागणीसाठी अनेकदा दिले, पण त्यातला धडा घेतला नाही. उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे एकटे शिक्षक गावोगाव फिरून, वाळवी लागलेली ताडपत्रे मिळवून, एकेका शब्दासाठी महिनोन्‌महिने झटून प्राचीन तमिळ ग्रंथ छापत राहिले. ‘चीवक चिंतामणी’ १८८७ मध्ये, ‘शिलप्पदिकारम्’ १८९२ मध्ये, ‘पुरनानूरु’ १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ए. के. रामानुजन यांच्या अनुवादांनी १९६७ नंतर ती कविता जगाला दिली. २००४ चा दर्जा हा या शतकभराच्या कामावर उमटलेला शिक्का होता. तिथे काम आधी झाले, मोहोर मागून आली. आपल्याकडे मोहोर आली आहे. कामाचा हिशेब मांडायचा आहे.

आता करायचे काय?

दर्जाबरोबर काही सोयी येतात : अभ्यासासाठी केंद्र, विद्वानांसाठी पुरस्कार, केंद्रीय विद्यापीठांत अध्यासने. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले आहे, आणि म्हाइंभटाच्या ग्रंथाशी जोडलेल्या गावाला हा मान मिळावा हे उचित आहे. पण अध्यासन म्हणजे अध्ययन नव्हे. जुनी मराठी आणि मोडी वाचू शकणारी तरुण माणसे तयार झाली नाहीत, तर संशोधन केंद्रातील कपाटे आणि सांकेतिक लिपीतल्या पोथ्या यांत फरक राहणार नाही. सामान्य वाचकाला परवडतील अशा, शब्दार्थ आणि टिपांसह छापलेल्या प्राचीन ग्रंथांच्या आवृत्त्या, मराठीचा ऐतिहासिक शब्दकोश, खासगी संग्रहांत पडलेल्या हस्तलिखितांचे जतन, शाळेत चार अभंगांच्या पलीकडे जाणारे आनंददायी वाचन, ही कामे मिरवणुकीत दिसत नाहीत. ती एकनाथांच्या कामासारखी आहेत, चिकाटीची आणि निनावी.

दुसरे पथ्य शुद्धतेचे. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशापासून विसाव्या शतकातल्या भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत मराठीला उपरे शब्द झाडून टाकण्याची ओढ वारंवार लागलेली आहे. या प्रयत्नांनी चांगले शब्दही दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अभिजात ठरली म्हणून मराठी आता संस्कृतप्रचुरच असावी, बोलींनी दाराबाहेर उभे राहावे, असा सूर निघाला तर ते पुन्हा संगमरवर घासणे होईल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. गाथासप्तशतीतला आवाज आणि हा आवाज शेजारी ठेवून ऐकावेत, इतके ते एकमेकांच्या जवळचे आहेत. एकाला अभिजात आणि दुसऱ्याला केवळ लोकसाहित्य म्हणण्याआधी आपण थांबले पाहिजे.

तिसरे, आणि सर्वांत अवघड, पथ्य चिकित्सेचे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. भारतीय विद्वत्तेचे ते एक मानचिन्ह आहे. त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी अभिमानाच्या नावाने हल्ला झाला आणि ग्रंथ, हस्तलिखिते यांची नासधूस झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशात अभिजात भाषांचा वर्ग अस्तित्वात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध काही नाही, पण एकाच वर्षाच्या पोटात त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि आपल्यापुढचे दोन रस्ते त्या दाखवतात. वारशाची पूजा करणारा समाज वारशाला प्रश्न विचारू देत नसेल, तर तो त्याचा मालक होईल, वाचक होणार नाही.

दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातल्या लेणीत सातवाहनांनी कोरलेली अक्षरे दगडात आहेत. ती आणखी काही शतके टिकतील. कागदावरची, कंठातली आणि मनातली अक्षरे तेवढी चिवट नसतात. त्यांना दर पिढीत नवा वाचक लागतो, आणि तो नेमण्याचा अधिकार कोणत्याही मंत्रिमंडळाकडे नाही.